फोनचा तास

मेडिकल कॉलेजात नको असलेली कामं वरून खाली घरंगळत येतात आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतात. नव्या निवासी डॉक्टरांचं ओरिएंटेशन असंच मेडिसिनच्या मॅडमच्या गळ्यात पडलं होतं. दरवर्षी नवी पोरं येणार, त्यांना हॉलमध्ये बसवायचं, ब्लड बँक कुठे, एक्स-रे कुठे ते सांगायचं, भाषणं ऐकवायची आणि शेवटी कोणतं भाषण कसं वाटलं याचे पाचपैकी मार्क त्यांच्याकडून भरून घ्यायचे. याला मूल्यमापन म्हणायचं. पोरांनी अजून एका पेशंटला हात लावलेला नसतो, पण शिकवलेलं किती उपयोगी पडलं ते बिनदिक्कत लिहून देतात. सगळ्यात जास्त मार्क दरवर्षी जेवणाला पडायचे.

दुसरं कुणी असतं तर पाट्या टाकून मोकळं झालं असतं. मॅडमनी हे काम मनावर घेतलं, त्याला कारण होतं. पूर्वी एकदा सुट्टीच्या दिवशी त्यांच्याच वॉर्डात एक नवा डॉक्टर दम लागलेल्या म्हातारीच्या उशाशी दुपारभर बसून राहिला. काय करावं ते त्याला सुचत नव्हतं आणि फोन त्याच्या खिशातच होता. संध्याकाळी म्हातारी गेली. कुणाला बोलावलं का नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला, सुट्टीच्या दिवशी सरांना त्रास कशाला द्यायचा. मॅडम त्याला रागावल्याही नाहीत, कारण तो खोटं बोलत नव्हता.

त्यातून फोनचा तास निघाला. हॉलमध्ये टेबलावर फोन ठेवायचा. एकेकाने पुढे यायचं, आपल्या विभागातल्या वरिष्ठांना खराखुरा फोन लावायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं: पेशंट असा आहे, मला भीती याची वाटते, मला हे जमत नाहीये, तुम्ही या. शेवटचे शब्द कुणी गिळले की मॅडम पुन्हा म्हणायला लावायच्या. वरिष्ठांना आधी सांगून ठेवलेलं असायचं, त्यामुळे तेही त्या दिवसापुरते गोड बोलायचे.

जन्मभर पहिला नंबर काढत आलेली पोरं ती. 'मला जमत नाही' हे त्यांच्या तोंडून निघता निघत नसे. काही लाजायची, काहींच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, आणि मार्क भरताना सगळा राग या तासावर निघायचा. शाळकरी, अपमानास्पद, वेळेचा अपव्यय, असे शेरे यायचे. मॅडमना त्याचं काही वाटायचं नाही, असं त्या म्हणायच्या.

यंदा डीननी त्यांना बोलावून घेतलं. हेतू चांगला आहे, पण आकड्यांकडे कानाडोळा करता येत नाही, असं ते म्हणाले. या वर्षीही मार्क असेच आले तर पुढच्या वर्षीपासून तो तास ताणतणावाच्या व्याख्यात्यांना द्यायचा. हे गृहस्थ सगळ्यांना डोळे मिटून श्वास घ्यायला लावायचे, पोरं त्यात छान झोप काढायची आणि भरघोस मार्क द्यायची. मॅडम 'बरं सर' म्हणून बाहेर आल्या. नोकरीत त्यांनी स्वतःचं म्हणून उभं केलेलं असं दुसरं काही नव्हतं.

मग त्यांना लेक आठवली. त्यांची मुलगी याच कॉलेजात सर्जरीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि फोनचा तास कामी येतो याचा तीच जिवंत पुरावा होती. पहिल्या वर्षी एका पेशंटचं पोट दगडासारखं कडक झाल्यावर तिने शिकवल्याप्रमाणे फोन केला, सर्जरीचे सर आले, ऑपरेशन झालं, पेशंट वाचला. मॅडम ही गोष्ट तेव्हापासून हॉलमध्ये आणि हॉलबाहेरही सांगायच्या. नाव घ्यायच्या नाहीत, पण सांगताना ऊर भरून यायचा. या वर्षी माझ्याबरोबर उभी राहा, असं त्यांनी लेकीला सांगितलं. ती आधी नको म्हणाली. मग आईच्या तोंडाकडे बघून हो म्हणाली.

आणि तास रंगला. लेकीने पहिला फोन स्वतः लावून दाखवला, दोन कोट्या केल्या, अडखळणाऱ्यांना शब्द सुचवले. पोरं हसली, भराभर पुढे आली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मार्क दुसऱ्या दिवशी भरायचे होते, पण मॅडमना आजच सुटल्यासारखं वाटत होतं.

संध्याकाळी त्या लेकीला शाबासकी द्यायला सर्जरीच्या निवासी डॉक्टरांच्या खोलीकडे गेल्या. दार अर्धवट उघडं होतं. पलंगांवर, टेबलावर, जमेल तिथे सकाळची पोरं दाटीवाटीने बसली होती आणि मधोमध उभी राहून लेक त्यांना कामाचं समजावत होती. कोणते सर फोन उचलत नाहीत, कोणते उचलून शिव्या घालतात, कुणाला फोन केला की महिनाभर ऑपरेशनला हात लावू देत नाहीत. आधी स्वतः निस्तरा, नाहीच निस्तरलं तर एक वर्ष वरच्याला विचारा, सरांपर्यंत जाऊ नका. दर वर्षी हा दुसरा वर्ग ओरिएंटेशनच्या दिवशीच संध्याकाळी भरत असे, हे कॉलेजात मॅडम सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी लेक म्हणाली, "आणि उद्या मार्क भराल तेव्हा आईच्या तासाला पाच द्या. तिला तेवढं एकच आहे."

पोरं बाहेर पडायला लागली आणि दारात मॅडमना बघून खाली माना घालून सटकली. मायलेकी दोघीच उरल्या.

"तू फोन केलास म्हणून तो माणूस वाचला," मॅडम म्हणाल्या. "तूच यांना हे सांगतेस?"

"तो वाचला," लेक म्हणाली. "दुसऱ्या दिवशी राउंडला सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, आज कुणाची झोपमोड करणार आहेस? वर्षभर मला टाके घालण्यापलीकडे काही दिलं नाही. सगळे मला फोनवाली म्हणायचे. आई, फोन करायला तू शिकवलंस. फोन केल्यावर पुढे काय होतं, ते तू कधी सांगितलं नाहीस. तेवढं मी सांगते."

"मला का नाही बोललीस?"

"तू ती गोष्ट इतक्या आनंदाने सांगायचीस," लेक म्हणाली आणि पलंगावरचे कप गोळा करायला लागली.

मॅडमना तिचा राग आला नाही. रागवायचा हक्कही त्यांच्याकडे उरला नव्हता. वरिष्ठांना त्या एका दिवसापुरतं गोड बोलायला सांगून ठेवणाऱ्या त्याच होत्या, आणि उरलेल्या वर्षात ते कसे बोलतात हे बघायला त्या कधी गेल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मार्क आले. फोनच्या तासाने जेवणालाही मागे टाकलं होतं. डीननी मॅडमना खोलीत बोलावून सगळ्या विभागप्रमुखांसमोर अभिनंदन केलं, हा तास आता कायमचा, इतर कॉलेजांनीही तो घ्यावा असं आपण सुचवणार आहोत, असं जाहीर केलं. मॅडमनी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात सगळे टाळ्या वाजवायला लागले.

बाहेर पडताना सर्जरीचे सर मुद्दाम थांबले.

"तुमच्या मुलीचंही अभिनंदन करायला हवं," ते म्हणाले. "सुरुवातीला जरा घाबरट होती. आता अगदी तयार झालीय. कितीही वाईट पेशंट असू दे, मला एक फोन येत नाही."