गावाचं नाव शेवटी

फुकट मिळणाऱ्या वस्तूत कुठंतरी पाणी मुरतंय, असं मला कायम वाटत आलंय. त्यामुळे परभणीच्या कचेरीत सगळ्या वार्ताहरांना बोलावून संपादकसाहेबांनी "आजपासून आपला पेपर मोबाईलवर, तोही फुकट" असं जाहीर केलं, तेव्हा बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी विचारलं, "मग पैसे कोण देणार?"

"जाहिरातवाली कंपनी. परदेशातली. बातमीच्या मधे मधे ती आपोआप जाहिराती टाकते. वाचणारा जितका खाली जाईल तितके पैसे."

वालूरच्या बाजारात म्हैस उधळली, या बातमीसाठी परदेशातली कंपनी पैसे मोजणार, हे काही माझ्या गळी उतरेना. मी वालूरचा वार्ताहर. बसस्टँडजवळ माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. सकाळच्या एसटीनं आलेला गठ्ठा सोडायचा, पेपर वाटायचे आणि हाती लागेल ती बातमी पाठवायची, असं वीसेक वर्षं चाललंय. पगार नाही, जाहिरात आणली तर कमिशन. तेही आटत चाललेलं. ज्याच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात दरवर्षी हमखास मिळायची तो पुढारी यंदा म्हणाला, "पेपरात कोन बघायलंय? मी स्टेटसला टाकलाय की फोटो." कागदाचे दिवस भरत आलेत हे मलाही दिसत होतं. म्हणून गप्प बसलो.

साहेबांचा एक नियम मात्र खटकला. आमच्या धंद्यात बातमी गावाच्या नावानं सुरू होते. आधी गाव, तालुका, मग काय घडलं ते. माझी पहिली बातमी नाव लिहायचं राहिलं म्हणून परत आली होती. तेव्हाच्या संपादकांनी समजावलं होतं, माणूस आधी आपलं गाव आहे का बघतो, मग पुढं वाचायचं का ते ठरवतो. आता उलट हुकूम आला, गावाचं नाव शेवटी.

"आधीच सांगितलं तर तो खाली कशाला जाईल?" साहेब म्हणाले. वर प्रत्येक बातमीमागं वार्ताहराला वाटा मिळणार होता. मी शंका काढत काढत मान डोलावली.

बातमी किती जणांनी वाचली तो आकडा फोनवर दिसायचा. म्हशीच्या बातमीला चाळीसेक वाचक मिळाले. साहेब आकडा दाबतात की काय, असा मला संशय आला. मग कचेरीतला ऑपरेटर आपल्या गावच्या बातम्या स्वतःच उघडत बसतो असा आला. मेहुण्याला दहा बातम्या पाठवल्या, तो एकही उघडत नसणार याची तर खात्रीच होती.

दिवाळी झाली की आमच्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला जातात. गावात म्हातारी माणसं उरतात आणि शाळेसाठी मागं ठेवलेली लेकरं. त्या दिवसांत एका सकाळी तिकडच्या, कारखान्याकडच्या वार्ताहराचा फोन आला. मजुरांची ट्रॉली उलटली होती. चौघांना लागलं होतं, जिवाला धोका कुणाच्याच नव्हता, टोळी जिंतूर तालुक्यातल्या एका गावची होती. एवढं सगळं मला लिहायला बसायच्या आधी माहीत होतं. तरी मी मथळा दिला, 'परभणी जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांची ट्रॉली उलटली. कोणत्या गावची टोळी? वाचा सविस्तर.' गावाचं नाव आणि कुणाच्या जिवाला धोका नसल्याचं, दोन्ही पार तळाशी टाकलं.

तासाभरात आकडा हजारांवर गेला. साहेबांचा फोन आला. "आता पटलं का, पैसा कसा येतो ते?" मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

दुपारी आमच्या मागच्या गल्लीतली काकू दुकानात आली. तिचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले. ती कापूस वेचायला गेली होती, ओटीत कापूस तसाच होता. हातातला फोन तिनं माझ्यापुढं धरला. पडद्यावर कसल्याशा कर्जाची जाहिरात अडकून बसली होती.

"दादा, टराली उलटली म्हनायलेत. संगतीच्या बाईनं वरचंच वाचून दावलं, खाली जाईनाच. पोराचा फोन लागंना. आमचं हाय का कोनी त्यात?"

"नाही काकू. जिंतूरकडची टोळी आहे ती. आणि सगळे बरे आहेत."

ती पायरीवर बसली. मी पाणी दिलं. घोटभर पिऊन तिनं विचारलं, "तुमाला कवा कळलं?"

"सकाळीच."

"मंग हे लिवलं कुनी?"

"मीच."

"मंग वरी का न्हाई लिवलं, कोन्या गावचं ते? मी शेतातून इथवर कशी आले, माझं मला म्हाईत."

"आता तसा नियम आहे," मी म्हणालो.

"असंल," ती म्हणाली आणि उठून गेली.

मी ऑपरेटरला फोन करून गावाचं नाव मथळ्यात घालायला लावलं. अर्ध्या तासात आकडा जागेवर थांबला. साहेब भडकले. "नाव घातलंत आणि वाचक पळाले बघा." वाचक पळाले नव्हते. आपलं गाव नाही हे बघून ते आपापल्या कामाला लागले होते. जीव टांगणीला लागलेलं माणूस खाली खाली जात राहतं, त्याचेच पैसे ती कंपनी देत होती. साहेबांनी मथळा पहिल्यासारखा केला. मी भांडलो नाही.

त्या महिन्यात मोबाईलच्या पेपरचे पहिल्यांदा पैसे आले. माझा वाटा आला, तो मी घेतला. आजवर मी गावभर संशय घेत फिरलो, स्वतःवर तेवढा कधी घेतला नव्हता. लाज वाटली, पण परत केला नाही.

पुढं पंधरा दिवसांनी पुन्हा तसलीच एक बातमी फोनाफोनी फिरली. मी चौकशी करून ठेवली होती. काकू लगबगीनं दुकानासमोरून निघाली, थांबली नाही. गावातून टोळ्या पाठवणाऱ्या मुकादमाच्या घराकडे ती चालली होती, ज्याच्या शब्दावर गावात कुणीच भरवसा ठेवत नाही.

मी हाक मारली, "काकू, आपल्या गावची नाही ती."

तिनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. "व्हय दादा," ती म्हणाली, "पन त्येला एकदा इचारून घेते."