माझ्या वजनाचा गूळ

सासूबाईंनी मला पोती तोलायच्या काट्यावर बसवलं, तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं.

इतवारीच्या बाजारात आमचं अडतीचं दुकान. गूळ, तूर, धान. आढ्याला टांगलेला मोठा काटा, साखळ्यांची दोन पारडी. एका पारड्यात मी, मांडी घालून, लग्नातलं लुगडं नेसून. दुसऱ्यात गुळाच्या भेल्या. सुनेला दिवस राहिले तर तिच्या वजनाइतका गूळ देवीला द्यायचा, असा नवस सासूबाईंच्या मनात होता. पण व्यापाऱ्याचं घर. किती गूळ लागेल ते आधी पाहून घ्यायचं होतं.

"लाजून काहून राहिली वं? बस नीट."

भेल्या चढत गेल्या. माझं पारडं हलेना. शेवटी हललं, आणि मापाऱ्याने सवयीने वजन ओरडून सांगितलं. प्रत्येक पोत्याचं तो तसंच ओरडायचा. हमाल हसले. आकडा मी इथे लिहीत नाही. अख्ख्या इतवारीला तो पाठ होता, तेवढं पुरे.

"इतका गूळ?" सासूबाई म्हणाल्या. "पहिले बारीक हो. मंग बोलू नवस."

मला काही वाटलं नाही. खरंच नाही. पदराला चिकटलेला गूळ पुसला आणि घरी येऊन पोळ्या लाटल्या. पंचविशीत लग्न झालेली घोडनवरी, त्यात जाड, त्यात चार वर्षं पाळणा नाही. अशा बाईने वाटून घ्यायचं तरी काय?

आणि ती बाई, म्हणजे मी, किती शहाणी पहा. तिने सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला. उरलेल्या दिवशी अर्धी भाकर. केस गळाले. जिना चढताना भिंत धरावी लागे. नवरा समोर बसून तुपात भिजवलेली पुरणपोळी खायचा. त्याचं पोट माझ्याहून पुढे. मी वाढायचे आणि वर विचारायचे, अजून एक देऊ का?

मग पाळी चुकली. पुढच्या महिन्यातही आली नाही. सासूबाईंनी पेढे वाटले. ही बावळट लाजली. पोटावर हात ठेवून चालायला लागली. रिकाम्या पोटावर.

डाक्तरीणबाईंनी तपासलं. "दिवस राहिलेले नाहीत. उपाशी राहून पाळी बंद पडली आहे. वजन उतरवायचं ते हळूहळू, नीट खाऊन. आणि तुमचे मालक कुठे आहेत? त्यांनाही तपासावं लागेल."

घरी येऊन सांगितलं. पेढे तर वाटून झाले होते. सासूबाईंनी पेढ्यांचा रिकामा डबा फळीवर ठेवला. मग म्हणाल्या, "चाल दुकानात. आता तरी किती भरते पाहू."

मी गेले. तोच काटा, तोच मापारी. नवरा गादीवर बसून सुपारी कातरत होता. मी साखळी हातात धरली आणि थांबले. राग नव्हता. रडू नव्हतं. भूक होती फक्त.

"पहिले तुमच्या लेकाले चढवा," मी म्हणाले.

अडकित्ता थांबला. हमाल या वेळी हसले नाहीत. नवरा काही चढला नाही. मी समोरच्या भेलीचा खडा फोडला आणि सगळ्यांदेखत चावून खाल्ला.

पुढे लेक झाली. तोवर मी जेवायला लागले होते, पाळी परतली होती, नवराही गुपचूप तपासून आला होता. नेमकं कशाने झालं ते मला सांगता येणार नाही. नवसाने नाही. तो बोललाच गेला नव्हता.

हे आता लिहिते आहे ते त्या लेकीच्या लेकीमुळे. तिशी ओलांडली, अजून पाळणा हललेला नाही, अंगाने माझ्यावर गेली. बँकेत आहे. या संक्रांतीला तिच्या सासूने हळदीकुंकवात, सगळ्या बायांसमोर, तिला वाण म्हणून वजनकाटा दिला. गुलाबी. वर तिळगूळ ठेवून.

"आजी, मी रात्रीचं जेवण बंद केलं न," ती काल म्हणाली. आवाज अगदी सपाट. तो आवाज मी ओळखते.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वय वाढून राहिलं म्हणे. वजन थोडं कमी केलं तर बरं. दोघंही या म्हणाले."

"मग गेला तुझा नवरा?"

"तो कशाला? त्याले काय झालं?"

"कोणी तपासलं त्याले?"



डॉक्टरांचं खोटं नाही. वय थांबत नाही, वजनही नडतं. पण ते तिने आणि डॉक्टरांनी बंद खोलीत बोलायचं. ते ओरडून सांगायला मापारी नको.

रविवारी मी तिच्या सासरी जाते आहे. तो गुलाबी काटा बैठकीत मधोमध ठेवणार. पहिले नातजावई चढेल. मग त्याची आई. मग मी, माझं वजन मीच ओरडेन. नात चढणार नाही. ती जेवेल. ताट मी वाढेन, आणि ते रिकामं होईस्तोवर त्या घरातून उठणार नाही.