चार फुटांचा खड्डा

बस डेपोत चौतीस वर्षं काढून फोरमन निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याकडे दोन गोष्टी शिल्लक होत्या: गाडीचं दुखणं ओळखणारे हात आणि कुरकुरणारे गुडघे. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की उकिडवं बसायचं नाही आणि जमिनीवर आडवं होऊन गाडीखाली सरकायचं तर नावच काढायचं नाही. उभं राहून काय ते करा. उभं राहून गाडीखाली काम करायचं तर जमिनीत खड्डा हवा. डेपोत तसे सहा होते, घरी एकही नव्हता.

घराला लागून पत्र्याची एक शेड होती. अठरा फूट लांब, अकरा फूट रुंद. आत मोडका पलंग, दोन रिकाम्या टाक्या आणि बिनचाकांची सायकल. या शेडवर घरात दोन दावे होते. फोरमनांना तिथे वर्कशॉप हवं होतं. त्यांची बायको घरी शिवणवर्ग चालवायची. आतल्या खोलीत सहा मशीन इतकी दाटीने लावलेली की विद्यार्थिनींना अंग चोरून आत शिरावं लागे. तिला शेड वर्गासाठी हवी होती. आधी कोणी मागितली यावर दोघांचं एकमत कधीच झालं नाही.

निवाडा मुलीने फोनवर केला. ती परगावी नोकरीला होती आणि दोन आठवड्यांच्या रजेवर घरी येणार होती. तिच्या छोट्या गाडीखालून सहा महिने खडखड येत होती. तीन गॅरेजवाल्यांनी हात टेकले होते. ती म्हणाली, बाबांनी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये, मी परत जायच्या आत आवाज घालवला तर शेड बाबांची. नाही तर आईची. आपणच जिंकणार याची खात्री असल्यामुळे दोघांनीही लगेच होकार दिला.

फोरमन कामाला लागले. पलंग, टाक्या, सायकल भंगारात गेली. भिंतींना पांढरा रंग लागला. एका भिंतीवर प्लायवूडचा मोठा फळा ठोकून त्यावर प्रत्येक पान्याचा आकार काळ्या रंगात काढला, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते दारातूनच कळावं. बायको बघून गेली. आपण कागदावर बाह्या आणि कॉलर कापतो तेच हे, फक्त घालायला कोणी नाही, एवढाच शेरा तिने मारला.

खड्ड्याच्या मापासाठी फोरमन खास डेपोत गेले. टेप त्यांना चालत नसे. त्यांनी सुतळी नेली, ज्या खड्ड्यात आयुष्य गेलं त्याच्या रुंदीला तिला एक गाठ मारली, खोलीला दुसरी, आणि सुतळी खिशात घालून परत आले. गवंडी त्यांचा जुना मित्र. त्याने गाठीबरहुकूम खोदलं, बांधलं, काँक्रीट ओतलं, एका टोकाला पायऱ्या काढल्या. रुंदी बरोबर चार फूट भरली. खड्डा इतका रेखीव झाला की शेजारची माणसं बघायला आली. या खड्ड्यावर उभं काय राहणार, हे मात्र कोणीही विचारलं नाही.

मुलगी रविवारी आली. सोमवारी सकाळी तिने गाडी शेडच्या दाराशी आणली. फोरमन खड्ड्याच्या पलीकडच्या टोकाला उभे राहून दोन्ही हातांनी इशारे करू लागले, डेपोत करायचे तसेच. गाडी वीतभर पुढे आली. बायको दारात उभी होती. तिने हात वर करून गाडी थांबवली, गळ्यातली टेप काढली आणि खाली वाकून पुढच्या दोन चाकांमधलं अंतर मोजलं.

“तीन फूट दहा इंच,” ती म्हणाली. “अहो, माप कोणाचं घेतलंत?”

फोरमनांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग गाडीकडे.

“बसचं,” ते म्हणाले.

गाडी आणखी हातभर पुढे आली असती तर दोन्ही चाकांच्या आतल्या कडा खड्ड्यावर अधांतरी राहिल्या असत्या आणि स्टिअरिंग जरा वळताच गाडी आत. मुलगी स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसत होती. बातमी कळल्यावर गवंडी आला आणि त्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, “फोरमन, बस कधी आणताय? छप्पर वर घ्यावं लागेल, आत्ताच सांगा.”

फोरमन त्या दिवशी जेवणाच्या वेळीही खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसून होते. तेरा दिवस उरले होते. खड्ड्याच्या भिंती फोडून पुन्हा बांधायच्या तर ते पुरणार नव्हते. बायकोने ताट तिथेच आणून दिलं. स्वयंपाकघराकडे परत जाताना ती दारात थांबली.

“कोट सैल झाला तर मी उसवून फेकत नाही,” ती म्हणाली. “आतून घेते. दोन्ही बाजूंनी सारखा.”

फोरमनांनी घास तसाच ठेवला आणि गवंड्याला फोन लावला. खड्ड्याच्या आधीच्या भिंतींना हात न लावता आतून दोन्हीकडे नऊ-नऊ इंचांची वीटभिंत उभी करायची. रुंदी उरेल अडीच फूट, उभं राहून काम करायला पुरेशी. दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं तेव्हा बायको पुन्हा डोकावली. एवढं घेतच आहात तर खिसेही ठेवा, असं तिने सांगितलं. म्हणून भिंतीत छातीच्या उंचीवर चार कोनाडे ठेवले गेले, दोन हत्यारांना, एक दिव्याला, एक चहाच्या कपाला. असे खिसे डेपोतल्या एकाही खड्ड्याला नव्हते. तिथे पाना हवा असला की वर हाक मारावी लागे.

पुढचा आठवडाभर फोरमन दिवसातून तीनदा भिंतींवर पाणी मारत होते. दुसऱ्या शुक्रवारी गाडी खड्ड्यावर चढली. चारही चाकं जमिनीवर, दोन्हीकडे ऐसपैस जागा. रविवारी मुलगी निघणार होती.

फोरमन पायऱ्या उतरून खाली गेले. तिन्ही गॅरेजवाल्यांनी गाडी लिफ्टवर चढवून तपासली होती. लिफ्टवर चाकं हवेत लोंबतात, गाडीचा भार त्यांच्यावर येत नाही, आणि भार नसेल तर काही दुखणी बोलतच नाहीत. डेपोत बस नेहमी स्वतःच्या चाकांवर उभी असे. त्यांनी मुलीला मागून गाडी दाबायला सांगितलं. ती बारीक चणीची, गाडी जेमतेम हलली. मग त्यांनी बायकोला हाक मारली.

ती मागच्या सीटवर बसली आणि तालात वरखाली होऊ लागली. तिच्याच वर्गाची जागा पणाला लागली आहे याची मुलीने तिला आठवण करून दिली. माहीत आहे, पण काम अर्धवट सोडायची मला सवय नाही, असं म्हणत ती आणखी जोरात उड्या मारू लागली. खाली फोरमन एकेका दांड्यावर तळहात ठेवत सरकत होते. मागच्या आडव्या दांड्यापाशी हात थांबला.

“थांबू नकोस,” खालून आवाज आला. “सापडलाय.”

दांडा धरून ठेवणारा रबरी बुश आतून झिजला होता. अंगठ्याएवढा तुकडा. संध्याकाळी नवा बसला. शनिवारी तिघं गावाबाहेरच्या खडबडीत रस्त्यावर जाऊन आली. जाताना आणि येताना कोणीही बोलायचं नाही असं ठरलं होतं. गाडीतून एकही आवाज आला नाही. शेवटच्या वळणावर बायकोच आधी हसली.

घरी आल्यावर तिने वर्गासाठी दुसरी जागा शोधायला घेतली. बैठकीच्या खोलीत जाऊन तिने टेपने भिंती मोजल्या, खिडकीपाशी तीन मशीन आणि समोर तीन बसतील असा हिशेब केला आणि फोरमनांना सोफ्याचं एक टोक धरायला सांगितलं. त्यांनी गुडघ्यांचं कारण पुढे केलं. उभं राहूनच उचलायचा आहे, असं उत्तर आलं.

सोफा ठेवायला घरात दुसरी जागा नव्हती. मुलीने एक टोक धरलं, तिघांनी मिळून तो वर्कशॉपमध्ये नेला आणि हत्यारांच्या फळ्यासमोर लावला. सोमवारी त्यावर पहिलं गिऱ्हाईक बसलेलं होतं. गवंडी, त्याची स्कूटर घेऊन.