गुंडूमालकांची मांडी

गुंडूला मालक म्हणवून घ्यायची हौस दांडगी. चार म्हशींचा मालक! गोठा शहराबाहेर, कळंब्याला. रोज सांजच्याला म्हशी घेऊन शहरातल्या दूधकट्ट्यावर यायचं, गिऱ्हाइकासमोर उकिडवं बसून धार काढायची आणि फेसाळता ग्लास हातात द्यायचा, हा त्याचा धंदा. वय पन्नाशीकडं झुकलेलं. पोरपणी दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढलं होतं, म्हणून आता कुणी नुसतं "काय मालक" म्हटलं तरी स्वारी अशी खुलायची की विचारू नका.

एका सांजेला कट्ट्यावरच्या शेणपाण्यात त्याचा डावा पाय सर्रकन पुढं गेला आणि बुडाखाली काडकन काहीतरी तुटलं. दुसऱ्या दिवशी मांडीची मागची बाजू गुडघ्यापर्यंत काळीनिळी. तालमीतल्या वस्तादांनी तेल लावून ती रगडली. कळ मस्तकात गेली, तरी गुंडूचं आपलं एकच, "चालतोय की मी. शीर आखडली असंल."

बायकोनं, झुंबरबाईनं, आठवडाभर हे नाटक बघितलं. हा बाबा उकिडवं बसायला गेला की भिंत धरतोय आणि सगळ्या धारा तिच्या गळ्यात पडल्यात. शेवटी तिनं रिक्षा बोलावली आणि त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर स्नेहलताईंनी त्याला पालथं झोपवून टाच वर उचलायला सांगितली. टाच काही उचलंना. मग एमआरआय झाला. मांडीमागचे तिन्ही स्नायू बसायच्या हाडापासून, खुंट्यावरनं दावं सुटावं तसे सुटून खाली सरकले होते.

"मधेच थोडं फाटलं असतं तर विश्रांती आणि व्यायामावर भागलं असतं," ताई म्हणाल्या. "इथं मुळापासून सुटलंय. तरी सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असं नाही, मामा. बैठं काम असेल तर त्याशिवायही चालता-फिरता येतं. तुम्ही काय करता, ते आधी सांगा."

ऑपरेशन म्हटल्यावर गुंडू पळवाट शोधायला लागला. मालकपण होतंच मदतीला. "म्हशी हायत आमच्या," तो म्हणाला. "धारा गडी काढतोय. आमी आपलं खुर्चीत बसून बघायचं."

झुंबरबाईनं नवऱ्याकडं एकदा टक लावून बघितलं. पण लोकांपुढं त्याचं मालकपण उतरवायचं नाही, हा तिचा नेम होता.

"मग राहू दे ऑपरेशन," ताई म्हणाल्या. "उकिडवं बसून उठायची ताकद पुरती परत येईल, असं मात्र सांगता येणार नाही. आणि पुढं मन बदललं, तर तोवर स्नायू आखडून चिकटलेले असतात, जोडणं अवघड होतं. पण तुम्हाला कुठं खाली बसायचंय?"

गुंडू सुटला होता. उठून दारापर्यंत गेलासुद्धा. तिथं त्याचा पाय अडला. रोज म्हशीच्या कुशीला डोकं टेकून बसलं की त्याला जगात काही कमी आहे असं वाटायचं नाही. आता तिथं दुसरंच कुणीतरी बसणार आणि आपण खुर्चीतनं बघणार, ह्या विचारानं त्याला भडभडून आलं. आयुष्यभर मालक मालक करत बसलो, आणि जीव सगळा त्या बुडाखालच्या जागेत होता की.

तो माघारी वळला.

"ताई," तो मान खाली घालून म्हणाला, "त्यो गडी मीच हाय. ऑपरेशन कवा करायचं, तेवढं सांगा."