वाढीचं औषध आणि आईचं लिंबू

मित्रहो, आज दुपारी सून गुलाबाच्या कुंडीत वाढीचं टॉनिक अंदाजानं ओतायला निघाली आणि मी ओरडलेच. तिला सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

भिलाईत कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. आमच्या नव्या क्वार्टरपुढे नुसता मुरूम होता. आईनं माहेराहून, भंडाऱ्याकडून आणलेलं लिंबाचं रोप तिथे वाढेना. बाबांनी बाजारातून औषध आणलं आणि पाणी न मिसळता अख्खी बाटली मुळाशी ओतली.

दुसऱ्या दिवशी पानं करपली.

"कावून ओतलं जी? मले इचारलं तरी असतं!" आई रडायलाच लागली.

नळाला पाणी येताच औषध धुऊन निघावं म्हणून बाबा बादल्यांवर बादल्या ओतत राहिले. मग भोवतीचा मुरूम खोदून काळी माती आणि शेणखत भरलं. फांदी आतून हिरवी आहे का, हे आम्ही नखानं खरवडून बघायचो.

अखेर एक कोंब फुटला. त्या दिवशी आई बाबांशी पुन्हा बोलली.

टॉनिक खोटंच असतं असं मी म्हणत नाही. पण मातीतच दम नसेल तर बाटली काय करणार? तुमच्या झाडांना खरंच फरक पडला का?