चाकाखालची लिंबं

माझा नवरा चंद्रप्रकाश अंधेरीच्या एका कारखान्यात विजेच्या मोटरी दुरुस्त करायचा. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने गोदामात धूळ खात पडलेली आपली जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार त्याला देऊन टाकली. ह्याने ती भांडुपला आमच्या बिल्डिंगखाली आणली, पेट्रोलचं इंजिन काढून विकलं आणि म्हणाला, "अनुपमा, आता ही विजेवर पळेल बघ."

मोटर त्याने खरंच बसवली. पण बॅटऱ्या चार्ज करायला सोसायटी खाली प्लग देईना. आग लागेल म्हणे. खिडकीतून वायर सोडली तर सेक्रेटरीने ती कापायला लावली. बॅटऱ्या पडून पडून फुगल्या.

तरी दर दसऱ्याला हा गाडी धुणार, झेंडूचा हार घालणार आणि चारही चाकांखाली लिंबं ठेवणार. गाडी पुढे जाऊन लिंबं फुटली की पूजा पुरी होते. आमची गाडी जागची हलायची नाही. संध्याकाळी मी ती लिंबं उचलून आणायचे, धुऊन सरबत करायचे आणि टोमणे मारत त्यालाच पाजायचे.

यंदा बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. बिनइंजिनाची गाडी कोण घेतंय? शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. त्या सकाळी हा अंघोळ करून खाली गेला आणि चाकांखाली लिंबं ठेवायला लागला.

"अरे, आज कशाला?" मी खेकसले. त्याने चौथं लिंबूही चाकाखाली सरकवलं.

भंगारवाल्याच्या माणसांनी गाडी ढकलत गेटबाहेर नेली. मी सवयीने लिंबं उचलायला वाकले. चारही फुटली होती.