ज्याचे पाय धुतले

द्रौपदीची चूक एवढीच झाली, की तिने जावयाला पाडव्याच्या जेवणासाठी थांबवून घेतलं.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये तिच्या तेजलचं लग्न झालं. मांडव परतणीला लेक पालेगावात माहेरी आली आणि चार दिवसांनी जावई, सुजित, तिला न्यायला आला. त्यांचा फ्लॅट बदलापूरला, खरवईत. बाइकवर अर्ध्या तासाचा रस्ता. सोमवारी तो म्हणाला, "आई, आम्ही निघतो. वातावरण काही बरं दिसत नाही."

"पाडवा परवावर आलाय, सुजितराव. पहिल्या सणाला जावई श्रीखंड न खाता गेला तर भावकी मला नावं ठेवेल."

श्रीखंड झालं, पण त्याआधीच सगळं बंद झालं होतं. पुढे खरवईच्या त्यांच्या बिल्डिंगीत पेशंट निघाला, गेटला बांबू ठोकले, आणि परतायची उरलीसुरली आशाही गेली. आपल्याकडे म्हणतात ना, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी अक्कल गेली. म्हण करणाऱ्याने लॉकडाऊन पाहिला नव्हता, एवढंच.

आता घरात माणसं चार आणि काम करणारी एक. जावयाला काम सांगायचं नाही, हे तर झालंच. लेक माहेरपणाला आलेली, तिलाही कामाला जुंपायचं नाही. नाहीतर माहेर कशाला म्हणायचं? राहता राहिला तिचा नवरा, महिपती. त्याने अंबरनाथच्या एमआयडीसीत तीस वर्षं शिफ्टा केल्या होत्या. कंपनी बंद पडल्यापासून तो टीव्हीसमोरच्या खुर्चीत जो बसला तो बसलाच. आज किती पेशंट वाढले हे मोठ्याने वाचून दाखवायचा आणि दर बातम्यांनंतर म्हणायचा, "द्रौपदी, चहा."

पहाटे पाचला पाणी यायचं, तेव्हा तिचा दिवस सुरू व्हायचा. काल पोहे झाले म्हणून आज उपमा, आज उपमा म्हणून उद्या थालीपीठ. जावयाच्या पानात दोन भाज्या हव्यात आणि भाजीवाला तर आठवड्यातून एकदा यायचा. मग एकाच दुधी भोपळ्याची भाजी करायची आणि सालांची चटणी. दुपारची भांडी घासून ती पाठ टेकणार, तोच चार वाजायचे. गुडघे असे दुखायचे की मोरीतून उठताना ती नळाला धरायची. तिचं मागणं फार नव्हतं. एक दिवस, फक्त एकच दिवस, कोणी काही न मागता तिला बसायला मिळावं. पण हे बोलायचं कोणाशी? जावयाच्या कानावर गेलं तर त्याला वाटणार, आपण जड झालो.

त्यात जावई निघाला भलताच. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात तो कटिंग मास्टर. लग्नाआधी चार वर्षं तिघा मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत राहिलेला, पाळी लावून स्वयंपाक केलेला. चौथ्याच दिवशी स्वतःचं ताट उचलून तो मोरीकडे निघाला. द्रौपदीने ते ओढूनच घेतलं.

"अहो, लग्नात या हातांनी तुमचे पाय धुतलेत. आता तुमच्याकडून उष्टी भांडी घासून घेऊ?"

"आई, माझंच उष्टं आहे ते."

"असू दे. लोक मला काय म्हणतील?"

लोक आपापल्या घरात कोंडलेले होते, पण द्रौपदीच्या डोक्यात ते चोवीस तास हजर असत.

एप्रिलमध्ये तिने कुरडयांचा घाट घातला. बंद असलं म्हणून काय झालं, ऊन तर फुकट जात होतं. गच्चीवर राखणीला लेक-जावई बसायचे, कारण राखणीला काम म्हणत नाहीत. द्रौपदी कपडे वाळत घालायला वर गेली की तिला दिसायचं. एका वाटीतला गव्हाचा चीक दोघं एकाच चमच्याने खातायत. कावळा आला की तेजल काठी आपटते आणि सुजित म्हणतो, "अगं, खाऊ दे ना एक. तो पण घरीच अडकलाय." एकदा तर तो तिच्या केसांना तेल लावत बसला होता आणि ती डोळे मिटून शाळेतल्या बाईंच्या नकला करत होती. चादर पिळायची तर एक टोक त्याच्याकडे, एक तिच्याकडे. पाणी कमी गळायचं आणि हसूच जास्त.

द्रौपदी जिन्यातच थांबायची. तिला बरं वाटायचं, लेक सुखात आहे म्हणून. आणि तिला हेवाही वाटायचा, पोटच्या पोरीचा. त्या हेव्याची तिला इतकी लाज वाटायची की खाली येऊन ती आणखी एखादं काम काढायची.

मे महिन्यात एका दुपारी ती भाकरी थापत होती. दोन झाल्या, तिसरी तव्यावर टाकली आणि ओट्यावरचे डबे हलायला लागले. भिंतीला धरत ती खालीच बसली. तव्यावरची भाकरी जळाली, धूर बाहेर गेला.

बाहेरून महिपतीचा आवाज आला, "काय गं, भाकरी जळली वाटतं? चहाचं बघ जरा."

पण धावत आली ती गच्चीवरची दोघं. तेजलने तिला पाणी पाजलं, अंग तापलंय का पाहिलं. ताप नव्हता. नुसता थकवा होता, सव्वीस वर्षांच्या संसाराचा. सुजितने गॅस बंद केला आणि बाह्या वर सरकवून तो मोरीत बसला.

"सुजितराव, उठा! माझी शपथ आहे."

"आई, मी न्यायला आलो तो दोन दिवसांचा पाहुणा होतो. दीड महिना झाला. आता मला घरातलाच माणूस समजा, नाहीतर मी उद्या चालत खरवईला जातो आणि गेटाबाहेर बसतो."

द्रौपदीने पाठ भिंतीला टेकली. भांडी झाल्यावर त्याने राहिलेल्या भाकऱ्या थापल्या. गोल नव्हत्या, पण फुगल्या. मग चहा ठेवला. पहिला कप त्याने जमिनीवर बसलेल्या सासूच्या हातात दिला. एरवी सगळ्यांना देऊन झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरेल तो चहा, कोमट होऊन साय धरलेला, ती ओट्याशी उभ्याउभ्याच पीत असे. आज जीभ भाजली आणि तिला रडूच फुटलं.

"कुठे दुखतंय, आई?" तेजल घाबरली.

"कुठे नाही गं. चहा चांगला झालाय."

महिपती रिकामा कप घेऊन दारात आला होता. बायको खाली बसून रडतेय, जावई ओटा पुसतोय, हे बघून त्याला कळेना, पुढे जावं की मागे फिरावं. कोणी त्याच्या हातातून कप घेतला नाही. मग तो मोरीपाशी गेला, वाकला, इकडेतिकडे बघत राहिला.

"द्रौपदी," त्याने हळूच विचारलं, "भांडी घासायचा काथ्या कुठे असतो गं आपल्या घरात?"

"नळाच्या मागे, बशीत," ती म्हणाली. आणि दाखवायला उठली नाही.